नदीघाटावर गाडीतळ कसा करावा?



वर्धा नदी मध्यप्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि आपल्या जिल्ह्याची पश्चिम सीमा आखत वाहते. जिल्ह्याच्या आतील भागात धाम, बोर व वणा या नद्या आहेत. काठावरील बहुतेक गावांना आपला घाट असतो. गुरे पाण्यावर नेणे, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुणे, ढिवर-भोई बांधवांची जाळी व डोंगे ही सर्व कामे याच घाटावरून चालतात. त्यात आता रविवारी व सुटीच्या दिवशी शहरातून गळ घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींची भर पडली आहे. मरळ, रोहू किंवा वाम लागेल या आशेने ही मंडळी सकाळीच येतात.

देवदर्शनाला आलेला माणूस तासाभरात परततो. गळ टाकणारा दिवस मावळेपर्यंत हलत नाही, म्हणून त्याची गाडीही दिवसभर एकाच जागी उभी असते. ती पांदणीत उभी राहिली की मागून येणारी कापसाची बंडी अडते, आणि भांडणाला तेथूनच सुरुवात होते. आलेल्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही. गाडी कोठे लावायची हे गावाने ठरवून दिलेले नसेल, तर तो सावली पाहूनच लावणार.

नुकसान कसे होते?

बंडी अडणे हे दिसणारे नुकसान आहे. न दिसणारे त्याहून मोठे असते. काठावरील आपली काळी जमीन ओली झाली की फुगते व तिची वजन पेलण्याची ताकद जाते. अशा जमिनीवरून मोटारसायकली व जीपगाड्या सरळ पाण्यापर्यंत उतरल्या की दोन चाकोऱ्या पडतात. चाकाखालची माती दबल्याने तेथे पाणी मुरत नाही व गवतही उगवत नाही. मृगाचा पाऊस आला की शेतातील वाहते पाणी या चाकोऱ्या धरून नदीकडे धावते. पहिल्या वर्षी वीतभर ओघळ दिसते. पुढे तिची घळ होते. घळीचे तोंड नदीकडून वर, शेताच्या दिशेने सरकत जाते. धुऱ्यापर्यंत आलेली घळ बुजविणे एकट्या कास्तकाराच्या आवाक्यातले काम नाही. म्हणून चाकोरी दिसताच उपाय करावा.

दुसरा धोका आगीचा. दिवाळीनंतर काठावरचे गवत वाळलेले असते. नुकतीच थांबलेली मोटारसायकल अशा गवतात उभी केली, तर तापलेल्या सायलेन्सरमुळे गवत पेटू शकते. शेजारी कुटाराचा ढीग किंवा सोयाबीनची गंजी असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

जागा कोणाची आहे, हे आधी पाहावे

नदीचे पात्र शासनाच्या मालकीचे असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० मध्ये ते स्पष्ट आहे. काठावरची जमीन मात्र पुष्कळदा खाजगी असते. विदर्भातील गावांना याबाबतीत एक सोय आहे. संहितेप्रमाणे गावातील बिनकब्जाच्या जमिनीची व्यवस्था निस्तारपत्रकात नोंदलेली असते. खाजगी जमिनीतून जाण्यायेण्याच्या आणि खाजगी पाण्यात मासे धरण्याच्या रूढी वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदतात. तलाठ्याकडून ही दोन्ही कागदपत्रे व गावनकाशा पाहून मगच जागा ठरवावी. गुरचरणाची जमीन यासाठी घेऊ नये. जनावरांच्या तोंडचे काढून मोटारींना देणे योग्य नाही, आणि कायद्यालाही ते मान्य नाही. खाजगी जमीन वापरायची असल्यास मालकाशी लेखी करार करावा.

वहिवाटीची पांदण कोणी अडविली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

जागेची निवड

गाडीतळ नेहमी पूररेषेच्या वर असावा. गावातील वयस्क मंडळींना विचारून मोठ्या पुराची खूण नक्की करावी. पात्रातील वाळूत गाडी उतरवू देऊ नये. वर्धा नदीवर मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा आणि आर्वी तालुक्यात निम्न वर्धा ही धरणे आहेत. धरणाचे दरवाजे उघडले की आपल्याकडे ऊन असतानाही पाणी वाढते. वाळूत रुतलेली गाडी काढत बसलेल्या माणसाला ते उशिरा कळते.

घाटापासून गाडीतळ शंभर-दीडशे मीटर दूर असला तरी चालेल. एवढे अंतर गळ व डबा घेऊन चालायला कोणाची हरकत नसावी. बाभळीखाली मात्र गाडीतळ करू नये. सावली मिळते, पण काट्याने चाक बसले की पाहुणा रात्रीपर्यंत गावातच!

आखणी व मुरूम

मध्यम घाटासाठी २५ मीटर लांब व १६ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ४ गुंठे जागा पुरेशी आहे. एका बाजूस ५ मीटर खोलीची पट्टी ठेवावी. तीत प्रत्येकी अडीच मीटरप्रमाणे ४ मोटारी आणि प्रत्येकी एक मीटरप्रमाणे १५ मोटारसायकली बसतात. मध्ये ६ मीटर रस्ता मोकळा सोडावा. पलीकडच्या ५ मीटर पट्टीत बंड्या व ट्रॅक्टर रस्त्याला समांतर उभे करावेत. ही पट्टी गावकऱ्यांसाठीच राखावी, असे आमचे मत आहे.

वरची काळी माती काढून १५ सेंटीमीटर जाडीचा दाबलेला मुरूम द्यावा. त्याचे घनफळ ६० घनमीटर होते. दाबल्यावर मुरूम बसतो म्हणून चतुर्थांश जास्त, म्हणजे ७५ घनमीटर किंवा सुमारे २७ ब्रास मुरूम आणावा लागेल. मुरूम काढण्यापूर्वी तहसील कार्यालयाची परवानगी घ्यावी. सिमेंटचा थर देऊ नये. खर्च वाढतो आणि सर्व पाणी एकदम काठावर येते.

गाडीतळाला ५० मीटरला १ मीटर, म्हणजे १६ मीटर रुंदीत ३२ सेंटीमीटर उतार द्यावा. उताराच्या कडेला उथळ चर काढून त्यातील पाणी दगडी पिचिंग केलेल्या जागीच नदीत सोडावे. चराच्या खालच्या अंगाला खस गवताची सलग ओळ १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर लावावी. मुळे खोल जातात व गुरे जून खस सहसा खात नाहीत. काठावर करंज, जांभूळ व अर्जुन लावावेत.

घाटाची वाट सरळ न उतरवता तिरपी काढावी. तोंडाशी काढता येणारा लाकडी आडणा ठेवावा, म्हणजे मोटारी वर थांबतील आणि पोळ्याला, विसर्जनाला किंवा डोंगा नेताना वाट मोकळी करता येईल. दगडी खांब पक्के रोवून घाट कायमचा बंद करू नये.

खर्च

ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये गाडीतळावर फी घेण्याची तरतूद आहे. अमेरिकेत १९५० च्या कायद्यानुसार गळ, दोरी इत्यादी साहित्यावरील कराची रक्कम मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना मिळते, म्हणजे हौस करणाराच खर्च उचलतो. आपणही बाहेरच्या वाहनांकडून माफक फी घेऊन दरवर्षीचा मुरूम व गवताची निगा भागवू शकतो. वसुलीचे काम मच्छीमार बांधवांपैकी कोणाकडे दिल्यास घाटावर दिवसभर लक्ष राहील. पाण्यात गाडी धुण्यास मात्र फी घेऊनही परवानगी देऊ नये. तेच पाणी खाली गुरे पितात.

मातीकाम एप्रिल-मे महिन्यात संपवावे व खस पहिल्या चांगल्या पावसाबरोबर लावावी. पहिला मोठा पाऊस पडत असताना कोणीतरी कुदळ घेऊन जागेवर जावे. पाणी चर सोडून कोठे धावते ते त्याच वेळी दिसते, आणि कुदळीच्या चार घावांत वळविता येते.