मताच्या वादात खोटा तर्क कसा ओळखावा?



रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर परवा एक गृहस्थ मोठ्याने सांगत होते, "अडाण्यांना मत दिले आणि देशाचे वाटोळे झाले. दहावी पास झाल्याशिवाय मताचा अधिकारच नको!" चारचौघांनी माना डोलावल्या. माझ्याबरोबर माझी आई होती. तिला सहीपुरते लिहिता येते. घरी आल्यावर ती म्हणाली, "तू शिकलास ना? मग सांग, तो बोलला ते खरे काय?"

तिला जे सांगितले तेच आपल्याला सांगतो.

‘अडाणी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, ज्याला कळत नाही तो. दुसरा, ज्याला वाचता येत नाही तो. गृहस्थांनी आरंभी पहिला अर्थ घेतला आणि शेवटी दहावीचे सर्टिफिकेट मागितले. मधला सांधा त्यांनी दाखवलाच नाही. सायमन कमिशनच्या वेळी, १९२९ च्या आपल्या अहवालात, बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला आणि साक्षरतेची अट घालणाऱ्यांच्या नेमक्या दोन चुका दाखवल्या. निरक्षर म्हणजे बुद्धिहीन, ही पहिली. साक्षर झाला की शहाणपण आपोआप येते, ही दुसरी. रेशनच्या मापात किती मारले हे माझी आई बोटांवर सांगते. आणि सही करण्यापूर्वी कागद न वाचणारे पदवीधर मी पाहिले आहेत.

आता ‘वाटोळे’. ते निरक्षरांच्या मतांमुळेच झाले, याला पुरावा काय? १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींवर मतदार होते, बहुसंख्य निरक्षर. निवडणूक चिन्हांवर पार पडली. यावरून प्रत्येकाने विचारानेच मत दिले असे सिद्ध होत नाही, हेही कबूल करावे. पण ‘त्यांना जमणारच नाही’ हे विधान मात्र तेथे कोसळले.

हा वाद जुना झाला असे समजू नका. हरियाणाने २०१५ साली पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली. बरेवाईट ओळखण्याची शक्ती शिक्षणच देते, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी ती वैध ठरवली. अट उभे राहण्याची होती, मत देण्याची नव्हे. हा फरक वादात विसरू नये. निकाल कायदा म्हणून बंधनकारक असतो. पण त्यातला तर्क तपासायला मनाई नाही. बाबासाहेबांनी दाखवलेली दुसरी चूक येथे पुन्हा दिसते की नाही, आपणच पाहा. ज्यांच्या गावात मुलींची शाळा उशिरा आली, त्या बायांनी सर्टिफिकेट कोठून आणावे?

आता आपल्या घरातली चूक. आईला उत्तर देताना माझ्या तोंडून आधी निघाले, "तो जातीयवादी आहे!" असेलही. पण बोलणारा कसा आहे यावरून विधान खोटे ठरत नाही. तसेच ‘बाबासाहेब म्हणाले’ एवढ्यानेही ते खरे ठरत नाही. त्यांनी कारणे दिली आहेत, ती मांडा. केवळ ऐकीव आहे किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते.

येत्या रविवारी घरात एक विधान तपासा: "चाकरमानी मुंबईला राहतो, त्याने गावच्या पंचायतीला मत का द्यावे?" हे विधान सोपे नाही. यात काही खरेही आहे. आधी ते शोधा, मग उत्तर द्या.