विद्यापीठाचे सभागृह आणि विद्यार्थी मंडळाचे बिल

अमेरिकेतील विद्यापीठांत नोंदणीकृत विद्यार्थी मंडळाला आवारातील जागेसाठी येणारा खर्च दोन प्रकारचा असतो: जागेचे भाडे आणि जागेबरोबर घ्याव्या लागणाऱ्या सेवांचे शुल्क. भाडे पुष्कळ ठिकाणी माफ किंवा नाममात्र असते. मंडळे अडचणीत येतात ती दुसऱ्या प्रकारामुळे. गणेशोत्सव किंवा दिवाळी साजरी करणाऱ्या भारतीय आणि मराठी विद्यार्थ्यांना हा फरक बहुधा कार्यक्रम पार पडून बिल हाती आल्यावर कळतो. पुढील माहिती मध्यपश्चिम अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात अशा मंडळाचे हिशेब सांभाळताना आलेल्या अनुभवावर आधारलेली आहे. नियम विद्यापीठागणिक बदलतात. बिलाची घडण मात्र बरीचशी सारखी असते.

भाडे माफ असूनही बिल येण्याचे कारण इमारतीच्या अर्थकारणात आहे. सभागृहे, उपाहारगृहे आणि मंडळांच्या खोल्या असलेली ‘स्टुडंट युनियन’ ही इमारत अनेक सरकारी विद्यापीठांत स्वतंत्र खाते म्हणून चालते. शिक्षणाच्या मुख्य अंदाजपत्रकातून तिला पैसा मिळत नाही. पगार, वीज, दुरुस्ती हे सारे तिने आपल्या उत्पन्नातून भागवायचे असते. बांधकामासाठी काढलेले कर्ज विद्यार्थ्यांकडून दर सत्राला सक्तीने घेतलेल्या शुल्कातून फेडले जाते. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी विद्यापीठांच्या अनुदानाला कात्री लावली आणि अशा खात्यांना पैसा स्वतः उभा करण्याची गरज अधिक भासू लागली.

सक्तीच्या शुल्काचाच दुसरा एक हिस्सा विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाकडे जातो आणि तिथून अनुदान म्हणून मंडळांना मिळतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन आवारात १९९५-९६ साली हे शुल्क वर्षाला ३३१.५० डॉलर होते. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २००० साली न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, पैशाचे वाटप करताना मंडळाच्या मतांकडे पाहिले जात नसेल तर विद्यापीठाला असे शुल्क घेता येते. कायद्याचा प्रश्न तिथे सुटला, न्यायाचा सुटला नाही. विद्यार्थी इमारतीसाठी पैसे भरतो, मंडळाच्या अनुदानासाठी भरतो, आणि ते अनुदान सेवाशुल्काच्या रूपाने पुन्हा त्याच इमारतीच्या खात्यात जमा होते. रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या सफाई कामगाराचा जादा पगार मंडळाने द्यावा, हे रास्त आहे. ज्या सभागृहाचे कर्ज विद्यार्थीच फेडत आहेत त्याचे भाडे पुन्हा त्यांच्याच मंडळाकडून घेणे रास्त नाही. प्रतिनिधी मंडळाच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत हा मुद्दा मांडता येतो आणि मांडायला हवा, कारण दरपत्रक पुष्कळदा त्याच सुमारास ठरते.

वर उल्लेखिलेल्या मंडळाच्या एका दिवाळीचे बिल नमुना म्हणून पाहण्यासारखे आहे. त्यात सभागृहाचे भाडे शून्य होते. त्याखाली ओळींमागून ओळी होत्या. दुपारी त्याच सभागृहात दुसरा कार्यक्रम होता, म्हणून खुर्च्या हलवून पुन्हा मांडण्याची मजुरी. ध्वनियंत्रणेच्या तंत्रज्ञाचे पैसे, आणि तेही प्रत्यक्ष कामाच्या वेळेचे नव्हे तर नियमाने ठरलेल्या किमान तासांचे. नाटुकले लांबल्यामुळे इमारत बंद होण्याच्या वेळेनंतर उघडी ठेवण्याचा आकार. शनिवार रात्रीच्या सफाईचा जादा दर. दाराशी काढलेल्या रांगोळीचा रंग गालिच्यात उतरला, त्याच्या धुलाईचे वेगळे पैसे. एकूण रक्कम मंडळाच्या शिल्लकीहून मोठी निघाली आणि ती भरली जाईपर्यंत मंडळाला नवे आरक्षण मिळणार नाही, असे कळवण्यात आले. त्या वर्षीची संक्रांत आणि गुढीपाडवा विद्यार्थ्यांच्या घरी साजरे झाले.

या बिलातील एकही ओळ बेकायदा नव्हती. प्रत्येकीचा आधार दरपत्रकात होता. म्हणून आरक्षण करताना केवळ जागा मोकळी आहे का एवढे विचारून थांबू नये. संपूर्ण खर्चाचा अंदाज लेखी मागावा आणि त्यात मजुरीचे किमान तास, सुट्टीच्या दिवसाचा दर, इमारत बंद होण्याची वेळ आणि रद्द करण्याची शेवटची तारीख या चार गोष्टी आहेत की नाहीत ते पाहावे. जागा घेऊन न वापरल्यास दंड असतो. स्पर्धेच्या तारखा अनिश्चित म्हणून दोन-तीन शनिवार अडवून ठेवणाऱ्या मंडळांना तो हमखास बसतो. कार्यक्रमाची वेळ ठरवताना आवराआवरीचा वेळ आरक्षणाच्या आतच धरावा. मराठी कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही, हे संयोजकांनी अंदाजपत्रकात गृहीत धरलेले बरे.

दर ठरतो तो वर्गवारीवर. विद्यार्थी मंडळ, विद्यापीठाचा विभाग आणि बाहेरची संस्था यांचे दर वेगवेगळे असतात. शेवटच्या वर्गाचा दर कित्येक पटींनी जास्त असू शकतो. मंडळ वरच्या वर्गात ढकलले जाण्याची दोन कारणे वारंवार दिसतात. पहिले, तिकीट. प्रवेश विनामूल्य असेल तर जागा फुकट, आणि दाराशी पैसे घेतले की भाडे सुरू, असा नियम अनेक ठिकाणी आहे. जेवणाचे पैसे ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून घेतले तरी काही कार्यालये त्याला तिकीटच मानतात, तेव्हा आधीच विचारून उत्तर ईमेलवर घ्यावे. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. उत्तर अमेरिकेत गावोगावी महाराष्ट्र मंडळे आहेत. त्यांची शिखर संस्था बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करते आहे. गावातल्या मंडळाला मोठे सभागृह हवे असते, विद्यार्थ्यांना स्वयंपाक आणि कुटुंबांचा आधार हवा असतो, म्हणून गणपती एकत्र करायचे ठरते आणि जागा विद्यार्थी मंडळाच्या नावावर घेतली जाते. यात प्रेम असते, लबाडी नसते. पण बाहेरच्या संस्थेला स्वस्त दर मिळवून देण्यासाठी नाव वापरणे बहुतेक विद्यापीठांच्या नियमांत बसत नाही. पत्रकावर गावातल्या मंडळाचे नाव वर आणि विद्यार्थ्यांचे खाली असले, पैसे त्यांच्या खात्यात गेले, की बिल बाहेरच्या दराने येते आणि नोंदणीही धोक्यात येते. संयुक्त कार्यक्रमासाठी वेगळा अर्ज असतो. तो भरावा, आणि दर वाढलाच तर जादा रक्कम कोण देणार हे काका-मावशींशी आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. संकोच वाटतो, तरी बोलावे.

अन्न आणि अग्नी यांचे नियम स्वतंत्र आहेत. अनेक युनियनमध्ये खाद्यपदार्थ पुरवण्याचा एकाधिकार एका कंत्राटदाराकडे असतो. बाहेरचे जेवण आणायचे तर त्याची सूट आगाऊ मागावी लागते. घरी केलेले मोदक सार्वजनिक कार्यक्रमात वाटण्याला मनाई असू शकते. समई, निरांजन, कापूर यांसाठी अग्निसुरक्षा कार्यालयाची परवानगी लागते, आणि काही ठिकाणी त्या वेळी उपस्थित राहणाऱ्या कर्मचाऱ्याचे पैसे द्यावे लागतात. विजेच्या पणत्यांवर भागवायचे की आरतीपुरती परवानगी घ्यायची, हे ठरवायला काही आठवडे हाताशी असावेत.

सुरक्षाशुल्क हा भाग सर्वांत वादग्रस्त आहे, कारण इथे आकडा अधिकाऱ्याच्या अंदाजावर ठरतो. भारतातून राजकीय किंवा सामाजिक विषयावर बोलणारा वक्ता बोलावणाऱ्या मंडळांनी याची पार्श्वभूमी जाणून घ्यावी. मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी आवारातील एका धार्मिक विद्यार्थी गटाला जागा नाकारली गेली, तेव्हा १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, सरकारी विद्यापीठाने जागा विद्यार्थी गटांना खुली केली असेल तर बोलण्याच्या विषयावरून एखाद्याला वगळता येत नाही. १९९२ साली जॉर्जियातील फोर्साइथ काउंटीच्या खटल्यात शुल्काचा प्रश्न आला. मोर्चाच्या परवान्यासाठी दिवसाला १,००० डॉलरपर्यंत शुल्क ठरवण्याची मुभा तिथे अधिकाऱ्याला होती; सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. श्रोते चिडतील या भीतीपोटी बोलणाऱ्याकडून जास्त पैसे घेणे म्हणजे त्याच्या मतांवर कर लावणे होय, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

विद्यापीठांनी हा धडा सहज घेतला नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाने फेब्रुवारी २०१८ मधील एका सभेसाठी कॉलेज रिपब्लिकन्स या विद्यार्थी गटाकडे सुमारे १७,००० डॉलर सुरक्षाशुल्क मागितले. न्यायालयाने ते रोखले आणि पुढे तडजोडीत विद्यापीठाने गटाच्या वकिलांच्या खर्चापोटी १,२२,५०० डॉलर देण्याचे मान्य केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात सप्टेंबर २०१७ मध्ये झालेल्या, उजव्या विचारांचे भाष्यकार बेन शापिरो यांच्या भाषणावरूनही आयोजकांचा असाच खटला चालला आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठाने ७०,००० डॉलर देऊन तो मिटवला. या गटांची मते पटोत वा न पटोत, त्यांच्या खटल्यांचा लाभ प्रत्येक मंडळाला मिळतो. अपेक्षित गर्दी, कार्यक्रमाची वेळ, जागेचा आकार, मद्य आहे का, रोख रक्कम हाताळली जाणार का, यांवर ठरलेले शुल्क योग्य ठरू शकते. ‘तुमच्या वक्त्यामुळे निदर्शने होतील’ एवढ्यावर वाढवलेले शुल्क योग्य नाही. असा आकडा आला तर किती पोलीस, कोणत्या निकषावर, हे लेखी मागावे. कित्येकदा ही विचारणाच आकडा खाली आणते. एक मर्यादा लक्षात असावी: हे संरक्षण सरकारी विद्यापीठांपुरते आहे. खाजगी विद्यापीठावर राज्यघटनेतील भाषणस्वातंत्र्याची हमी (पहिली दुरुस्ती) थेट लागू होत नाही, तिथे विद्यार्थी नियमपुस्तिकेतील आश्वासनांचाच आधार घ्यावा लागतो.

अनुदानाच्या पैशातून ही शुल्के भरायची असतील तर वेळापत्रक आडवे येते. अनुदानाचे अर्ज बऱ्याच ठिकाणी आदल्या वर्षी मागवले जातात, आर्थिक वर्ष जून अखेर संपते आणि उरलेली रक्कम परत जाते. सप्टेंबरातल्या गणपतीचा खर्च म्हणूनच आधीच्या हिवाळ्यात, बहुधा जुन्या कार्यकारिणीने, मांडून ठेवावा लागतो. अर्जात सभागृह असा एकच आकडा न घालता मजुरी, तंत्रज्ञ, सुरक्षा, विमा असे वेगळे आकडे घालावेत आणि त्यांना मागच्या वर्षीचे बिल जोडावे.

बिल आल्यावर ते लेखी अंदाजाशी ओळीने ताडून पाहावे. ज्यांनी काम केले त्यांच्या तासांची नोंद मागण्यात गैर काही नाही. दुपारच्या कार्यक्रमाची मांडणी संध्याकाळच्या मंडळावर पडणे, एकच तंत्रज्ञ दोनदा लागणे असे प्रकार घडतात आणि दाखवून दिले की दुरुस्त होतात. हरकतीला मुदत असते, ती बिलावर किंवा दरपत्रकात दिलेली असते. मुदतीत लेखी हरकत घेतली तर काही कार्यालये वादातली रक्कम बाजूला ठेवून आरक्षण सुरू ठेवतात. दोन वर्षांत पदवी घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळात ही कागदपत्रे एखाद्याच्या खाजगी ईमेलमध्ये राहिली तर हरवतात, म्हणून ती मंडळाच्या सामायिक खात्यावर ठेवावीत आणि त्याचा पासवर्ड नव्या खजिनदाराला निवडणुकीच्या आठवड्यातच द्यावा.