सनद घरी ठेवा

लातुरातल्या एका महाविद्यालयात मी एनसीसीचं काम पाहतो. आमची काही पोरं दरवर्षी फौजेत लागतात आणि ती लागावीत म्हणून मी सकाळी मैदानावर असतो. भरतीच्या विरोधात मी बोलणार नाही. पण भरतीच्या नावाखाली महाविद्यालयांच्या फाटकाबाहेर जे चालतं, त्यावर आता बोललंच पाहिजे.

औसा तालुक्यातला एक मुलगा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. फौजी रंगाचा टी-शर्ट घातलेला एक माणूस फाटकाशी पत्रकं वाटत होता. "आमच्या अकॅडमीत राहा, निम्मी फी आता, निम्मी लागल्यावर." मुलगा राहायला गेला. दहावी-बारावीच्या सनदा, टीसी, जातीचा दाखला, सगळे मूळ कागद तिथं 'जमा' झाले. तयारी मात्र त्यानं मनापासून केली. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढायचा, बीमवर दहा पुल-अप मारायचे. रॅलीत ग्राउंड निघालं. मेडिकलला डॉक्टरांनी घोटे जुळवून उभं राहायला सांगितलं. गुडघे आधीच भिडले, घोट्यांमध्ये फट राहिली. अनफिट.

ही खोट घरात आरशासमोर उभं राहिलं तरी दिसते. फी घेण्याआधी ती कुणी पाहिली नाही. वर कागद मागायला गेल्यावर उत्तर आलं, "राहिलेली फी भरा, मग न्या." त्याच्या वडिलांसोबत मी गेलो. लोखंडी कपाट उघडलं, तर आत प्लॅस्टिकच्या फायलींची चळत आणि प्रत्येकीवर स्केचपेननं गावाचं नाव नि बाकी रक्कम. बरीच हुज्जत घातल्यावर कागद मिळाले. तोवर विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत टळून गेली होती.

म्हणून सांगतो, आधी शरीर तपासून घ्या, पैशाचं नंतर बघा. गुडघे, सपाट तळवे, डोळे, कान, मूळव्याध हे सगळं शासकीय रुग्णालयात दाखवता येतं. लातुरात विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था आहेच. सराव करायला मैदान पुरतं. अकॅडमी लावायचीच असेल तर लावा, पण तिच्या हाती झेरॉक्सच द्या. मूळ कागद भरती कार्यालय पडताळणीला मागेल तेव्हाच बाहेर काढा.

फौज कुणाला दलाल नेमत नाही. अर्ज सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरायचा. २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते, मग रॅली. लातूर जिल्हा पुण्याच्या भरती कार्यालयाकडे येतो, नांदेड छत्रपती संभाजीनगरकडे. शंका असली तर तिथं विचारा. "आतून सेटिंग आहे" म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका. २८ फेब्रुवारी २०२१ ची जनरल ड्यूटीची लेखी परीक्षा पुण्यात पेपरफुटी उघडकीस आल्यावर देशभर रद्द झाली. रात्र रात्र अभ्यास केलेल्या पोरांनाही त्याचा फटका बसला.

आणि अग्निवीराचा, म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत घेतल्या जाणाऱ्या जवानाचा, हिशोब घरच्यांसमोर बसून मांडा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,००० येतात. सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याज धरून पावणेबारा लाखांच्या आसपास मिळतात. ४८ लाखांचा विमा आहे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि योजनेप्रमाणे कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीचे एकविशी-पंचविशीत गावी परततील, तेव्हा पुढच्या अर्जात पदवी विचारलीच जाईल. त्यामुळे भरतीसाठी महाविद्यालयातून नाव काढून घेऊ नका. निवड होईपर्यंत वर्गात नाव राहू द्या, परीक्षेचा फॉर्म वेळेवर भरा. निवड झाल्यावरही इग्नूतून पदवी करता येते. अग्निवीरांच्या लष्करी प्रशिक्षणाचे क्रेडिट तिथं धरले जातात.

आईवडिलांना एक विनंती. कुणी सनद अडवून पैसे मागत असेल तर घाबरून पैसे देऊ नका. आधी महाविद्यालयाला कळवा, मग पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. सनद गहाळच झाली, तर शाळेमार्फत लातूर विभागीय मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करता येतो.