पेटीवादकाचे दोन्ही हात : चित्रणाचा एक पाठ

१. प्रास्ताविक

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नाते व भोवतालच्या वाड्या, तसेच पोलादपूरकडील डोंगरकुशीतील गावे यांत एकादशीचे भजन, हरिनाम सप्ताह आणि गणेशोत्सवातील आरती यांना पेटीची साथ असते. शाळेतही परिपाठ, समूहगीत व स्नेहसंमेलन या प्रसंगी पेटीची गरज भासते. परंतु खेड्यातील प्राथमिक शाळेस स्वतंत्र संगीतशिक्षक सहसा लाभत नाही. गावच्या भजनी मंडळातील जाणते पेटीवादक हेच खरे पाहता या विषयाचे शिक्षक होत. त्यांची विद्या बहुधा पुस्तकातून आलेली नसते. पुढ्यात बसून, हात पाहून ती एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली असते. ज्या गावात असा वादक एकच उरला असेल आणि तरुण मंडळी पोटापाण्यासाठी मुंबईस गेली असतील, तेथे हात पाहावयास पुढ्यात बसणारेच कोणी नसते.

अशा वेळी मोबाईलवरील चित्रण उपयोगी पडते. मात्र उत्सवात जे चित्रण होते, त्यात वादकाचा चेहरा दिसतो, गर्दी दिसते, फार तर एक हात दिसतो. आठवण म्हणून ते ठीक आहे. पाठ म्हणून ते अपुरे आहे. वादकाचे दोन्ही हात एकाच वेळी दिसतील असे चित्रण कसे करावे, हा या पाठाचा विषय होय.

२. डावा हात का दिसला पाहिजे?

पेटी हे मूळचे युरोपातील वाद्य. पॅरिस येथील अलेक्झांडर देबँ यांनी १८४० च्या सुमारास हार्मोनियमला रूप दिले. तिचा भाता पायाने चालवीत व वादक खुर्चीवर बसे; त्यामुळे त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असत. आपल्याकडे गायक-वादक जमिनीवर मांडी घालून बसतात. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातभात्याची पेटी तयार केली, ती या बैठकीस सोयीची ठरली. पाय सुटले, पण डावा हात भात्यास बांधला गेला. तेव्हापासून उजव्या हाताने बोटे चालवावयाची आणि डाव्याने वाऱ्याचा पुरवठा करावयाचा, अशी कामाची विभागणी झाली.

बाहेरील भात्याने आत ढकललेली हवा पेटीच्या आतील भात्यात साठते. तेथून स्प्रिंगच्या दाबाने ती पितळेच्या पातळ जिभांकडे, म्हणजे सुरांकडे जाते. पट्टी दाबली की त्या सुराची वाट उघडते व तो कंप पावून बोलतो. म्हणजे कोणता स्वर वाजावा हे उजवा हात ठरवितो. तो स्वर किती जोराने, किती स्थिर व किती वेळ वाजावा हे डावा हात ठरवितो. नवशिका भाता टाळाच्या ठेक्याबरोबर आपटतो, त्यामुळे सूर हिंदकळतो. जाणता वादक आतील हवा संपण्यापूर्वीच सावकाश भाता भरतो आणि गाणाऱ्याचा आवाज हळू होताच हात हलका करतो. ही गोष्ट ऐकून पुरती कळत नाही. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, म्हणून त्या काळातील श्रोत्यांस ती तेथे ऐकावयास मिळाली नाही. परंतु ध्वनिमुद्रिकांतून जी पेटी ऐकावयास मिळाली, तिच्यातही वादकाचा हात कसा चालतो हे शिकणाऱ्यास दिसणे शक्य नव्हते. चित्रणाने ती उणीव भरून काढता येते, मात्र डावा हात चौकटीत आला तरच.

३. अडचण कोठे आहे?

पट्ट्या वादकाच्या बाजूस असतात व भाता त्याच्या पलीकडील बाजूस असतो. म्हणून श्रोत्यांमध्ये बसून चित्रण केल्यास भाता व डावा हात दिसतो, पण पट्ट्या पेटीच्या मागे लपतात. वादकाच्या पाठीमागून पाहिल्यास त्याचे डोके व खांदे आड येतात. त्याच्या डावीकडून पाहिल्यास भात्याकडे गेलेला डावा हातच पट्ट्या झाकतो.

ही अडचण केवळ आपल्या पेटीचीच नाही. इंग्लंडात चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८२९ साली ज्याचे पेटंट घेतले, ते कॉन्सर्टिना नावाचे लहान वाद्य पेटीच्याच कुळातले आहे. त्यात भाता मध्ये असून बटणे दोन्ही टोकांस असतात. एका बाजूने पाहिले की दुसऱ्या बाजूची बोटे दिसत नाहीत. दोन्ही वाद्यांच्या बाबतीत नियम एकच : दोन्ही हातांचे काम जेथून दिसते, ती जागा आधी शोधावी आणि मग मोबाईल हाती घ्यावा.

४. मोबाईल कोठे ठेवावा?

(अ) वरून. ही जागा सर्वांत चांगली. वादकाच्या दोन्ही बाजूंस एकेक टेबल ठेवून त्यांवर आडवा वेळू पक्का बांधावा. मोबाईल वेळूस दोऱ्याने व रबराने घट्ट बांधून त्याचे भिंग सरळ खाली करावे. तो पेटीपासून सुमारे तीन-चार फूट उंच असावा व वादकाच्या डोक्यावर न येता पेटीवर यावा. चित्राची खालची कड वादकाकडे राहील असे पाहावे. म्हणजे पाहणाऱ्या मुलास पट्ट्या स्वतः पेटीपुढे बसल्याप्रमाणेच दिसतात : खर्जाच्या डावीकडे, तारसप्तकाच्या उजवीकडे आणि भाता पलीकडे.

(आ) उजवीकडून. वेळूची सोय नसल्यास वादकाच्या उजव्या हातास, किंचित पुढे, बाकावर स्टूल ठेवून त्यावर मोबाईल टेकवावा व तिरपा खाली वळवावा. या जागेवरून उजव्या हाताची बोटे जवळ व भात्यावरील डावा हात पलीकडे दिसतो. वादक उजव्या हाताने भाता चालवीत असल्यास बाजू बदलावी.

हातात मोबाईल धरून चित्रण करू नये; चित्र हलते व बोटे मोजता येत नाहीत. पुढचे भिंगही वापरू नये. काही मोबाईलांत त्याचे चित्र आरशाप्रमाणे उलटे उमटते व शिकणारा चुकीच्या बाजूस सा शोधू लागतो.

५. पूर्वतयारी

चित्रणापूर्वी वादकास भाता पुरता उघडावयास सांगून चार गोष्टी तपासाव्यात : पट्ट्यांचे डावे टोक, उजवे टोक, उघडलेल्या भात्याची कड आणि डावे मनगट. चारही चौकटीत असल्यासच पुढे जावे.

वादकास पडवीत, उजेडाकडे तोंड करून बसवावे. तसे केल्याने भाता उजळतो आणि डोक्याची सावली पट्ट्यांवर पडत नाही. सैल बाही कोपरापर्यंत वर घेण्याची विनंती करावी. पेटीखाली एकरंगी सतरंजी अंथरावी.

महाड-पोलादपूरच्या पावसात पत्र्यावरील आवाजाने ध्वनी बुडतो, आणि दमट हवेने लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. म्हणून दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामास बरी. टाळ व पखवाज प्रथम बाजूस ठेवावेत.

६. चित्रणाचा क्रम

पहिले चित्रण : सा पासून वरच्या सा पर्यंत आरोह व अवरोह, अगदी सावकाश. दुसरे : भजनाची एक चाल, गाण्यावाचून. तिसरे : तीच चाल नेहमीच्या लयीत, गायन व टाळ यांसह. प्रत्येक चित्रण दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नये. प्रारंभी वादकाने स्वतःचे नाव, गाव, दिनांक, चाल कोणाकडून शिकली ते, आणि सा कोणत्या पट्टीत धरला आहे (काळी एक, काळी दोन इत्यादी) हे तोंडाने सांगावे. हीच माहिती शाळेच्या वहीत नोंदवावी. चित्रणाची प्रत एकाच मोबाईलमध्ये न ठेवता दुसऱ्या गावीही ठेवावी. जुलै २०२१ च्या महापुराचा अनुभव घेतलेल्या महाडकरांस याचे कारण सांगावयास नको.

७. वर्गातील उपयोग

मोबाईलचा पडदा लहान असल्याने पाच-सहा मुलांचा एकेक गट करावा. प्रथम पडदा झाकून केवळ ऐकवावे. नंतर दाखवून नेमके प्रश्न विचारावेत : एका भात्यात किती स्वर वाजले? भाता पुन्हा केव्हा भरला : ओळ संपल्यावर की संपण्यापूर्वी? आवाज लहान झाला तेव्हा डाव्या हाताने काय केले? मग तेच चित्रण मंद गतीने दाखवून उत्तरे ताडून पाहावीत.

शाळेत पेटी नसल्यास पुठ्ठ्यावर पट्ट्या आखून द्याव्यात. डाव्या हातासाठी एक जाड वही उभी धरून तिचे पुठ्ठे उघड-मीट करावेत. उजव्या हाताने ठेका चालू असता डाव्याने त्याच्या नादी न लागता संथ राहणे, हाच या खेळातील अभ्यास होय. तो साधलेल्या मुलास प्रत्यक्ष पेटीवर बसविल्यास भाता आपटण्याची खोड लागत नाही.

८. शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

वादकाच्या घरी जाऊन अगोदर परवानगी घ्यावी व चित्रण कशासाठी आहे ते सांगावे. त्यांच्या संमतीवाचून ते गावाबाहेर पाठवू नये. विद्यार्थ्यांचे चेहरे त्यात येऊ देऊ नयेत. पुरे झालेले चित्रण सर्वप्रथम वादकास दाखवावे. एखादी जागा नीट आली नाही असे ते म्हणाल्यास ती पुन्हा घ्यावी. कोणता हात कोठे चुकला हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास कळणार नाही. शक्य तेथे त्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे, कारण चित्रण हे गुरूची जागा घेत नाही. गुरू समोर नसेल त्या दिवशीचा अभ्यास ते चालू ठेवते.

स्वाध्याय

(१) आपल्या गावातील पेटीवादकांची व त्यांच्या गुरूंची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी.
(२) एकच चाल समोरून व वरून चित्रित करून कोणत्या चित्रात काय दिसत नाही याची तुलना करावी.
(३) पखवाज, तुणतुणे व संबळ या वाद्यांचे चित्रण करताना कोणती जागा योग्य ठरेल, याचा मुलांसह विचार करावा.