शनिवार-रविवारचा क्रीडा पत्रकार

क्रीडा पत्रकारितेचा अर्धवेळ कोर्स करायचं मनात असेल, तर माहितीपत्रकावरचा प्रेस बॉक्सचा फोटो बाजूला ठेवा आणि आधी वेळापत्रक बघा. नोकरी सांभाळून मी मुंबईत असा एक कोर्स केला. वर्ग शनिवारी-रविवारी. नोकरदारांची सोय म्हणे! पण क्लब क्रिकेट रंगतं ते सुट्टीच्या दिवशी आणि कबड्डी-खो-खोच्या स्पर्धा होतात त्या संध्याकाळी, प्रकाशझोतात. त्यामुळे दादरच्या एसी खोलीत आम्ही ‘सामन्याचे वृत्तांकन’ या विषयाच्या स्लाइड उतरवून घेत होतो आणि सामने चालत जाण्याच्या अंतरावर, शिवाजी पार्कात चालू होते.

खोलीत काहीच मिळालं नाही असं नाही. मथळा, चौकट, बदनामीचा कायदा हे तिथेच कळलं. पण आम्हाला वाटलेल्या नमुना बातमीत ‘चुरशीच्या लढतीत दणदणीत विजय’ असं वाक्य होतं आणि वर्गात ते कोणाला खटकलं नाही. खटकलं ते एका खो-खो स्पर्धेतल्या गुणलेखकांना. गंमत म्हणून मी तो कागद दाखवला, तर म्हणाले, “अहो, चुरशीची होती तर दणदणीत कशी? बरोबरी होऊन अलाहिदा डाव झाला होता का?” मग त्यांनी स्वतःचं गुणपत्रक माझ्यापुढे सरकवलं. कोण किती वेळ पळाला, कोणी बाद केला, सगळं त्यावर होतं. एका ओळीवर पेन टेकवून ते म्हणाले, “हा पोरगा अडीच मिनिटं हाताला लागला नाही, तिथे सामना फिरला. बातमी इथून सुरू करा.” अख्ख्या कोर्सभर कोणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

खेळ कळणं म्हणतात ते हेच. १ ऑगस्ट २०२४ ला नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून असे तीन टप्पे असतात आणि उभ्याने नेम धरणं सर्वांत अवघड, हे ठाऊक असणाऱ्यालाच त्याच्या ४५१.४ गुणांत काही दिसतं. बाकीच्यांच्या हाती त्याच्या रेल्वेतल्या नोकरीची कहाणी तेवढी उरते.

‘मोठ्या सामन्यांचे पास मिळवून देऊ’ या आश्वासनाला भुलू नका. पत्रकारांना प्रवेशपत्रं आयोजक देतात, तीही वर्तमानपत्राच्या किंवा वाहिनीच्या नावावर. कोर्सवाल्यांच्या हाती ते नसतंच; आम्हाला एकही मिळालं नाही. उलट जिल्हा स्पर्धांत आयोजकच पत्रकारांच्या शोधात असतात. तिथे जा, गुणलेखकाच्या टेबलाजवळ बसा, खेळाडूंची नावं संघाच्या यादीवरून ताडून घ्या आणि सामना संपल्यावर तासाभरात दीडशे शब्द पाठवा. पान सोडायची वेळ टळली की कितीही चांगली बातमी शिळीच. पुढे मुलाखतीत मला प्रमाणपत्र कोणी विचारलं नाही, कात्रणं मात्र एकेक करून बघितली.

तेव्हा फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. आठवड्यातले किती तास मैदानावर नेणार? आणि आम्ही लिहिलेली बातमी कोण, किती दिवसांत तपासून देणार? उत्तरं लेखी मिळत नसतील तर पैसे खिशातच राहू द्या. लोकलच्या पासाला आणि वहीला त्यातले थोडेच लागतील.