संख्यांचे गणगोत

नैसर्गिक, पूर्ण, पूर्णांक, परिमेय ही नावे मुलांना तोंडपाठ असतात. परंतु एक प्रकार असताना दुसरा का लागला, असे विचारले की ती गप्प होतात. घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठी ते ‘का’ आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

वस्तू मोजावयास १, २, ३... या नैसर्गिक संख्या पुरतात. त्यांत शून्य मिळविले की पूर्ण संख्या होतात. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. देवासाठी दिलेली २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन आणि रोजच्या ५० माळा यांची त्यात नोंद आहे. २७० व ५० यांतील शून्य रिकामे स्थान दाखविते. मात्र शून्यालाच संख्या मानून तिचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये सांगितले होते.

३ मधून ५ वजा करावयाचे तर पूर्ण संख्यांत उत्तर नाही. ब्रह्मगुप्ताने येथे धन व ऋण हेच शब्द योजिले. जवळ ३ रुपये आणि देणे ५, तर बाकी ऋण २. ऋण संख्या आल्या आणि पूर्णांक झाले.

३ भाकरी ४ जणांत वाटल्यास प्रत्येकास ३/४ मिळते. शून्याखेरीज कोणत्याही पूर्णांकाने पूर्णांकास भागून मिळणारी संख्या परिमेय होय. ५ म्हणजे ५/१, म्हणून तीही परिमेयच. अशा रीतीने प्रत्येक संच पुढच्या संचात सामावलेला आहे.

आता १ हात बाजूच्या चौरसाचा कर्ण घ्या. त्याचा वर्ग २. समजा, तो कर्ण अ/ब या अतिसंक्षिप्त अपूर्णांकाएवढा आहे. मग अचा वर्ग बच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून अ सम; आणि अ सम असल्यास बही सम ठरतो. दोघांनाही २ ने भाग जातो, म्हणजे अपूर्णांक अतिसंक्षिप्त नव्हताच! म्हणून हा कर्ण अपरिमेय. परिमेय व अपरिमेय मिळून वास्तव संख्या होतात.

पाय अपरिमेय आहे. २२/७ ही केवळ त्याची जवळची, परिमेय किंमत. पाय ३.१४१५..., तर २२/७ म्हणजे ३.१४२८...

मुलांना आज एवढेच विचारा: ऋण ७ कोणकोणत्या संचांत बसते? उत्तराबरोबर कारणही सांगितले, तर धडा समजला.