आधी गाडीच्या पोटाखाली बघ

बयो, गॅरेजवाल्याने 48 हजारांचा आकडा सांगितल्यापासून तुला सुचेनासं झालंय, ते तुझ्या आवाजावरूनच कळलं. घरात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, 15 वर्षांच्या गाडीत एवढा पैसा घालू नये. दुसऱ्याचं, आप्पांनी हौसेने घेतलेली गाडी दारातून हलवायची नाही. दोघांचंही ऐकून घे, पण निर्णय तेवढ्यावर करू नकोस. तुझी गाडी नागावला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. आपल्या किनाऱ्यावर गाडीचं आयुष्य इंजिनाआधी पत्रा ठरवतो.

क्लच गेला तर नवा बसतो, रेडिएटर बदलता येतो, इंजिनसुद्धा खोलून बांधता येतं. पण ज्या पत्र्यावर अख्खी गाडी उभी आहे तोच कुजला, तर त्यावर कितीही ठिगळं लाव, ती टिकत नाहीत. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पत्र्यावर बसतं, हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि गंज भराभर वाढतो. त्यात जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चाकांच्या वर अडकलेला चिखल दिवाळीपर्यंत आतून ओलाच असतो. वरून गाडी चकचकीत दिसते, खालून ती झडत असते.

म्हणून पहिलं काम हे कर. गाडी रॅम्पवर चढवायला सांग आणि स्वतः खाली जाऊन उभी राहा. लाजू नकोस, मिस्त्री सांगेल तेवढंच ऐकून परत येऊ नकोस. मोठ्या स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन दाराखालच्या लांब पट्टीवर, ज्याला ते रनिंग बोर्ड म्हणतात, टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. टणटण आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. मध्येच भद आवाज आला, पापुद्रे गळाले, तर तिथे आत काही उरलेलं नाही. ताजा काळा लेप मारलेला दिसला तर तिथे जरा जास्तच ठोक. मग ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचलून बघ, स्टेपनी काढून त्या खड्ड्यात पाणी साचतंय का ते बघ. बॉनेटखाली दोन्ही बाजूंना शॉकअब्सॉर्बर जिथे वर बोल्टने कसलेला असतो, तिथला पत्रा फुगलाय का? आणि गाडीच्या पोटाखालून गेलेल्या ब्रेक ऑइलच्या बारीक नळ्या बोटाने चाचप. त्या खडबडीत लागल्या तर गाडी विकायची असो वा ठेवायची, नळ्या आधी बदलून घे. कार्लेखिंड उतरताना ब्रेकचं पेडल खाली गेलं तर हिशेब करायला वेळ मिळणार नाही.

पोट धड निघालं तर माझं मत सांगते, गाडी ठेव. गाडीची किंमत 70 हजार आणि खर्च 48 हजार, म्हणजे घाटा, असं जो तो म्हणेल. हा हिशेब मला पटत नाही. 70 हजार हातात घेऊन तू आणणार काय? आणखी दोन-अडीच लाख घालून दुसऱ्याची जुनी गाडी. तुझ्या गाडीचं दुखणं निदान तुला माहीत आहे, त्या गाडीचं कोणाला? जुलै 2021 च्या पुरात महाडात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशी गाडी धुऊन-पुसून बाजारात आली तर ओळखायची कशी? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघायचा, टोकाला चिखलाची रेघ असते. सीटखालच्या रुळांवर गंज असतो. घ्यायची वेळ आलीच तर हे लक्षात ठेव.

आणि ते 48 हजार एका दमात देऊ नकोस. बिलाचे तुकडे करून माग. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन आणि टायर आधी. एसी मार्चपर्यंत थांबेल. डेंटिंग-पेंटिंग सगळ्यात शेवटी, कारण विकताना तो पैसा परत मिळत नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बघायला सांग. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि 2011 ची गाडी त्यासाठी बनलेली नाही, रबर लवकर खराब होऊ शकतं. जुने काढलेले पार्ट डिकीत ठेवून घरी घेऊन ये. कोणी चोर आहे म्हणून नाही, तुला कळावं म्हणून.

15 वर्षं झाली की सरकार गाडी जप्त करतं, हे जे तुला कोणीतरी सांगितलंय ती भानगड दिल्ली आणि भोवतालच्या भागातली. आपल्याकडे पेणच्या आरटीओत गाडी दाखवायची आणि तपासणीत पास झाली की 5 वर्षांसाठी नोंदणी पुढे सरकते. मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत फॉर्म 25 भरता येतो. एप्रिल 2022 पासून मोटारीची फी 5,000 रुपये झाली आहे, शिवाय पर्यावरण कर. उशीर केलास तर महिन्याला 500 रुपये जादा. तुझी गाडी 2019 च्या आधीची, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही हवी. हा सगळा खर्च त्या 48 हजारांत धरलेला नाही, तो आत्ताच धर.

पत्रा गेलेला निघाला तर मात्र जीव अडकवू नकोस. आप्पांचं प्रेम त्या लोखंडात नव्हतं गं, ते मांडव्याच्या धक्क्यावर तासभर आधी येऊन तुझी वाट बघायचे, त्यात होतं. कुजक्या पत्र्याची गाडी ठेवलीस, तर त्याच गाडीत उद्या तुझी पोरं मागच्या सीटवर बसणार आहेत.

विकताना घेणाऱ्याला गंज दाखव, किंमत त्याप्रमाणे कमी कर. चालवण्याजोगी नसेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दे. तिथे जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊन नोंदणी तशीच तुझ्या नावावर ठेवू नकोस.

हे नावाचं प्रकरण फार महत्त्वाचं आहे, म्हणून शेवटी सांगते. एजंट म्हणेल, ताई, सही करून द्या, नाव नंतर होईल. अजिबात नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट सांगितलं की गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी कागदोपत्री ज्याचं नाव तोच मालक. म्हणून फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करताना मधल्या जागा कोऱ्या सोडू नकोस. 14 दिवसांत आरटीओला कळव, घेणाऱ्याच्या आधारची प्रत आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती घे. गाडी आप्पांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागेल, ते काम आजच सुरू कर. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पॉलिसी तुझ्या नावावर असेल तर कंपनीकडून तसं पत्र घे, 3 वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीला वापरता येतो. आणि फास्टॅग काचेवरून काढून बँकेला कळव, नाहीतर दुसरा कोणी खालापूरचा टोल ओलांडेल आणि पैसे तुझ्या खात्यातून जातील.